शालन बुधवारी काय बोलली

कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, "काका, चार ओळी लिहून द्या. बायका त्या खोलीत जायला घाबरतात. तुमचं वाचलं तर जातील." चार ओळींत माझं मावलं नाही. मी सातवी नापास. जन्मभर लोकांच्या कुंपणाला चिऱ्याचे गडगे रचले, कागदाशी संबंध रेशनकार्डापुरता. चुका झाल्या तर झाल्या.

साहेबांना वाटतं, त्या फोनने मला बरं केलं असं मी लिहीन. तसं लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. मी बरा झालो नाही आणि होईन असं वाटतही नाही. पण त्या खोलीबद्दल मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती दुसऱ्या कुणाला एवढी ठाऊक नसेल. म्हणून लिहितो.

माझी बायको शालन. कुडाळच्या काजूच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काजू सोलत होती. तिच्या पोटात कॅन्सर झाला आणि अकरा महिन्यांनी ती गेली. ते अकरा महिने मी तिला तिचा आजार सांगितला नाही. ती गेल्यावर मला कळलं की बुधवारी ती कारखान्याच्या त्या खोलीत बसून फोनवर एका बाईशी बोलत होती. काय बोलत होती? मी खोटं बोललो त्याला ती काय म्हणाली? मला एवढंच हवं आहे. दुसरं काही नको.

कार्ड

आजारपणाच्या आधीची गोष्ट. कारखान्यात नोटीस लागली. कामगाराला मनाचा त्रास असेल, घरात भांडण असेल, झोप येत नसेल, तर फोनवर शिकलेल्या माणसाशी बोलायचं. खर्च कंपनीचा. बोललेलं गुप्त. पॅकिंगच्या मागे रिकामे पत्र्याचे डबे ठेवायची खोली होती, ती झाडून तिथे खुर्ची, पंखा आणि फोन ठेवला. बुधवारी दुपारी अर्धा तास कामातून सूट. प्रत्येकीला एक कार्ड दिलं.

बायकांनी लगेच नाव ठेवलं, 'येड्यांची खोली'. सगळ्यांना खात्री की आत बोललेलं मालकाच्या कानात पडतं. आणि आमच्याकडे गुप्त म्हटलं की माणसाला वासच येतो. चांगली असो, वाईट असो, गोष्ट देवळात चारचौघांपुढे सांगायची, ही आमची रीत.

शालनने कार्ड घरी आणलं. "अवो, ह्या बघा. मन मोकळा करूचा कार्ड."

मी म्हणालो, "पोट साफ आसला की मन मोकळाच आसता."

"घरच्या माणसांकपण चलता म्हणतत."

"घरातला भायर सांगूक माझ्या घरात काय कमी पडला? एक काळो चाय कर."

तिने चहा केला. आमच्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं. मी ते कार्ड चौघडी करून दाराच्या फटीत बसवलं. दार गच्च बसलं. मला वाटलं, कार्डाचा उपयोग झाला.

बाकावरचा डबा

तिचं पोट फुगायला लागलं. ती म्हणाली गॅस, मी म्हणालो गॅस. कुडाळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी दिली. आमच्या भागातली माणसं मोठ्या आजाराला गोव्यालाच जातात.

तिथे सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. शालन बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. डॉक्टर तरुण होते, माणूस चांगला होता. म्हणाले, कॅन्सर आहे, पसरला आहे, औषधाने काही महिने मिळतील. मग म्हणाले, "त्यांना आपण दोघं मिळून सांगू."

मी म्हणालो, "मी सांगतो."

"नक्की सांगाल ना?"

"बायको माझी आहे."

बाहेर आलो. तिने विचारलं, "काय म्हणालो डॉक्टर?"

"पित्ताची गाठ आसा. औषधान इरघळतली."

तिने माझ्याकडे बघितलं. गवंडी चिरा लावण्याआधी ठोकून बघतो, आत तडा असेल तर आवाज बसका येतो. तसं बघितलं. मग म्हणाली, "बरा. चला, जेवया. डबो अजून गरम आसा."

त्या बाकावर आम्ही भाकरी आणि चवळीची उसळ खाल्ली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बायकोचं मरण ऐकून आलेला माणूस तीन भाकऱ्या खातो. ह्याची मला अजून लाज वाटते.

का नाही सांगितलं? माझ्या बापाला सांगितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि आठव्या दिवशी गेला. आजाराने नाही, ऐकून गेला, असं आमच्या घरात म्हणायचे. मला वाटलं, ऐकलं नाही तर शालन राहील. एवढाच माझा विचार. ह्यापेक्षा मोठं डोकं मला नाही.

व्हय म्हाराजा

आता माझी चूक सांगतो. ही चूक शहरातला माणूस करणार नाही.

आमच्या ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, गावचा मानकरी असतो तो गावकार हात जोडून मोठ्या आवाजात तुमचं दुःख देवाला सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी एका सोमवारी शालन कामाला गेल्यावर नारळ घेऊन गेलो. गावकाराला म्हणालो, बायको आजारी आहे, तिला बरं वाटू दे, एवढं सांग.

तो म्हणाला, "नेमका काय झाला ता बोल. देवाक अर्धवट सांगान चलना नाय."

मी कानात सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान नारळ ठेवलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या अस्तुरीच्या पोटात कॅन्सराची गाठ झालेली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"डॉक्टरांनी हात टेकलेले आसत! ती गाठ तू सोडय, तिका उठवन बसय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वीसेक माणसं होती. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. मग पायऱ्या उतरताना प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "शालनाक काय बोलू नकात." सगळ्यांनी माना हलवल्या. मी निर्धास्त घरी आलो. देवाला खरं सांगितलं, बायकोला वाचवलं, दोन्ही जमलं असं मला वाटलं. बायकोपासून लपवायची गोष्ट मी देवळात वीस माणसांपुढे ओरडून सांगितली, आणि ती लपली असं मानून अकरा महिने काढले.

गोव्याची फेरी

दर तीन आठवड्यांनी गोव्याला. पहिल्या गाडीने जायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग अंगठा. शालनचा अंगठा मशीन घेईना. काजूच्या सालीच्या तेलाने बोटांची कातडी जळून गुळगुळीत झालेली. दोन्ही हातांची दहाही बोटं लावून झाली.

काउंटरवरचा माणूस गोव्याचा, गमत्या. "मावशे, आंगठो घरा दवरून आयल्या काय?"

शालन म्हणाली, "काजूक दिलंय. तेंका विचार."

तो हसला आणि पुढच्या वेळेपासून तिला रांगेतून आधी बोलवायला लागला. अशा बारीक गोष्टी आठवतात. एक सिस्टर होती, सलाईन चालू असताना शालनच्या हातांना खोबरेल चोळायची, शीर सापडावी म्हणून. काम संपलं तरी चोळत राहायची. शालन गोळ्या मिळाल्या की ताटलीत ओतून आकाराने वेगळ्या करायची, मोठ्या इकडे, तुकडा तिकडे. सव्वीस वर्षांची सवय.

केस गेले. मी म्हणालो, औषध गरम आहे. ती म्हणाली, "चुलीत घातल्यासारख्या गरम आसा मगे." तिला माशाचा वास सोसेना, म्हणून समुद्राच्या काठावरचं घर असून आम्ही मासे शिजवायचं बंद केलं. मी शेजारी जाऊन सुका बांगडा भाजून खायचो आणि तोंड धुऊन परत यायचो. तिला कळायचं.

मी चांगलाच वागलो असं नाही. एकदा तिने तिसऱ्यांदा पेज ओकली तेव्हा मी ओरडलो, "मुद्दाम करतंस काय?" तिने लुगड्याच्या पदराने जमीन पुसली. मी उभा राहून बघत होतो. हे मी लिहिणार नव्हतो, पण घरात आजारी माणूस असलेला जो कोणी हे वाचेल, त्याला कळू दे की असं होतं.

डोस झाला की आठ दिवस घरी, मग ती परत कामावर जायची. मी म्हणायचो, कशाला जातेस. ती म्हणायची, "टेबलार बसान सोलूचा, तेका काय ताकद लागता?" शेवटचे दोन महिने तेही सुटलं. आणि कामावर जायची त्या दिवसांत संध्याकाळी पायरीवर बसून ती मला अधूनमधून एकच विचारायची, "अवो, ही गाठ इरघळता मा?"

"इरघळता."

"बरा."

शेवटच्या आठवड्यात ती गोव्याच्या वॉर्डातच होती. तिथे एकदा मी चहा आणायला खाली गेलो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मंगल

आम्हाला एक मुलगी, मंगल, मसुऱ्याला दिलेली. तिला मी खरं सांगितलं होतं. ती पहिल्या महिन्यातच म्हणाली, "बाबा, आवशीक सांगया. तिका काय बोलूचा आसात, कोणाक काय देवचा आसात. तिचो जीव आसा."

मी म्हणालो, "तोंड उघडलंस तर ह्या घराची पायरी चढू नको."

ती घाबरली आणि गप्प राहिली. आईजवळ बसली की डोळ्याला डोळा देत नसे, कारण दिला की रडू फुटे. शालनला वाटलं असेल, मुलगी सासरी रमली, आईला विसरली. की वाटलं नसेल? मला माहीत नाही. तेच तर मला माहीत नाही.

आता मंगल आठवड्यातून एकदा येते. आमटीचा डबा ठेवते, जुना डबा घासून घेते, जाते. एकदाच बोलली. "माझी आवस मरान गेली, पण तुमी ती माझ्याकडसून आधीच न्हेलास." खरं होतं.

फिलू

तेरावं झाल्यावर फिलोमिना आली. फिलू आणि शालन कारखान्यात एका टेबलाला समोरासमोर बसायच्या, वीस वर्षं. फिलूने शालनची सोलायची सुरी, ॲप्रन आणि बसायची उशी आणली होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, "एक बरा झाला, फिलू. तिका शेवटपर्यंत काय म्हायत नव्हता."

फिलूने तांब्या खाली ठेवला. "भावोजी, तुमी खुळे की काय?"

"कित्याक?"

"तुमी देवळात सांगलास, त्याच सांजेक तिका कळला. गावकाराची बायल प्रसादाचो अर्धो नारळ घेऊन तुमच्या घराक इली. शालनान विचारल्यान, कसलो प्रसाद? ती बायल रडाक लागली. मगे काय रवला लपवचा?"

मी म्हणालो, "माका कित्याक नाय बोलली?"

"ता माका काय म्हायत! माका म्हणाली, 'तेंका सांगू नको. तेंका वाटता, माका म्हायत नाय म्हणान मी जिवंत आसंय.' मगे बुधवारी त्या खोलीत जाऊक लागली. आमी सगळी हसलंव. येडी झाली म्हटलंव. ती म्हणाली, 'हसा. सगळ्या मुलखात ही एकच खोली आसा, जेच्यात कोण व्हय म्हाराजा म्हणणा नाय.'"

मी विचारलं, आत काय बोलायची? फिलू म्हणाली, "दार बंद करी. भायर येय तेवा तोंड धुतलेला आसा. गळ्यातल्या कुरसाची आण, ह्येच्यापलीकडे माका काय ठाऊक नाय."

फिलू गेल्यावर मी बसून हिशोब लावला नाही, आपोआप लागला. गाठ विरघळते का, हे ती मला विचारायची ते बुधवारीच. कारखान्याच्या बसमधून उतरायची, हातपाय धुवायची, पायरीवर बसायची आणि विचारायची. त्या बाईशी बोलून ती धीर गोळा करून येत असेल आणि मला दार उघडून देत असेल. मी दर वेळी ते लावून घेतलं.

किंवा तसं नसेल. ती मला शिव्या देऊन येत असेल. कोण सांगणार?

मी त्या बाईला फोडायला गेलो

एका बुधवारी कारखान्यात शालनच्या पैशांच्या सह्या करायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, कामगार वारला तरी घरच्या माणसाला सहा वेळा बोलता येतं. मी म्हणालो, आजच बोलतो. साहेबांना बरं वाटलं. मी मन मोकळं करायला जात नव्हतो. मी शालनचं बोलणं परत न्यायला जात होतो. सुरी नेली, उशी नेली, तसं.

खोलीत बसलो. अजून पत्र्याचा आणि काजूचा वास येत होता. फोनवर बाईचा आवाज, पुण्याकडची असावी, शांत.

मी म्हणालो, "शालन काय बोलली ते सांग."

ती म्हणाली, "काका, इथे कोण बोललं, काय बोललं, बोललं की नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नाही."

"मी तिचा नवरा आहे."

"हो, काका."

"माझ्याजवळ मृत्यूचा दाखला आहे. शिक्क्यासकट."

"दाखला असला तरी नाही."

"अगो, ती मेली! मेलेल्या माणसाचं कसलं गुपित?"

ती म्हणाली, "माणूस गेलं तरी त्याचं बोलणं त्याचंच राहतं, काका."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" म्हणून मी फोन आपटला. साहेबांकडे गेलो. तुमच्या पैशाने बोलते ना ती, मग विचारा तिला. साहेब म्हणाले, "आम्हाला नावंसुद्धा कळत नाहीत. वर्षाला किती फोन झाले, एवढाच आकडा येतो." मी त्यांनाही वेडंवाकडं बोललो. त्यांनी चहा दिला.

दुसऱ्या बुधवारी खोटं बोललो. म्हणालो, मुलगी खचली आहे, आईचे चार शब्द ऐकले तर तिला बरं वाटेल. बाई म्हणाली, "मुलीलाही बोलता येईल इथे. पण दुसऱ्याचे शब्द तिलाही मिळणार नाहीत."

तिसऱ्या बुधवारी मी घरून युक्ती करून गेलो. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणावर पाण्याने तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. देव बोलत नाही, तरी उत्तर मिळतं. मी बाईला हे समजावून सांगितलं. म्हणालो, "तू तोंडाने काही सांगू नको. तुझा नियम मोडायला नको. मी विचारतो, शालनने मला माफ केलं होतं का? हो असेल तर नुसती खोक. नाही असेल तर गप्प राहा."

ती लगेच बोलली. "काका, मी गप्प राहिले तर तुम्ही त्याचाही अर्थ लावाल. म्हणून बोलते. मी खोकणार नाही आणि गप्पही राहणार नाही. यातून तुम्हाला काहीच कळणार नाही."

मला राग आला आणि हसूही आलं. देव ह्यापेक्षा सोपा.

चौथ्या बुधवारी विचारलं, निदान एवढं सांग, शालनशी बोलायची ती तूच ना? की दुसरी कोण? तेही सांगेना.

बायांनो, साहेबांनी मला ज्यासाठी लिहायला सांगितलं ते इथे आहे. मी त्या बाईला शिव्या दिल्या, दाखल्याचा धाक घातला, मुलीच्या नावावर खोटं बोललो, कौल लावला. मी खाणीत चिरे फोडलेला माणूस आहे. ती फुटली नाही. मालकाला सांगेल ही भीती सोडा. जी बाई मेलेल्या बाईचा शब्द तिच्या नवऱ्याला देत नाही, ती तुमचा शब्द कुणाला देणार? ह्याचा साक्षीदार मी आहे, आणि मला ही साक्ष द्यायला आवडत नाही.

पेज

पाचव्या बुधवारी माझ्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. मी नुसता बसलो. बाईने विचारलं, "काका, जेवण कोण करतं?"

म्हणालो, पेज करतो, करपते. मग विचारलं झोप कशी आहे. म्हणालो, नाही. मग तिने सरळ विचारलं, "आपण नसलो तर बरं, असं वाटतं का?"

म्हणालो, वाटतं. ती फोनवरून हलली नाही. आधी म्हणाली, कुणाच्या जिवाचा प्रश्न आला तर तिची गुप्तता तिथे थांबते. मग विचारलं, विहीर कुठे आहे, गोळ्या कुठे आहेत, जवळ कोण राहतं. म्हणालो, विहिरीचं पाणी शेजारी पितात, मी ते नासवणार नाही. ती हसली नाही. म्हणाली, हे तुम्ही आज मंगलला स्वतः सांगा, मी सहा वाजता फोन करून विचारणार. आणि कणकवलीच्या सरकारी डॉक्टरांकडे जा.

दोन्ही केलं. मंगल त्या दिवशी आमटी ठेवून लगेच गेली नाही. दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसली. शालन बसायची त्याच जागी बसली होती, ते तिला माहीत नव्हतं. आठवडाभर रोज आली, मग परत आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी गोळी दिली. आता झोप लागते. जाग आली की शालन गेलेली असतेच.

कपाटातलं कार्ड मी नंबर बघायला काढलं होतं ते परत बसवलं नाही. दार उघडं असतं. आत तिची दोन लुगडी आहेत.

चहा

सहावा बुधवार शेवटचा. मी बाईला म्हणालो, आज मी काही विचारत नाही, सांगतो. मी हे मंगलला सांगितलेलं नाही. आता इथे लिहितो, कारण गुपित माझं आहे, ते मोडायचा हक्क माझा आहे.

शालन जाण्याच्या दोन दिवस आधी, वॉर्डात, दुपारी. बाजूची खाट रिकामी होती. तिने माझं मनगट धरलं. बोटांत ताकद नव्हती, पण धरलं. म्हणाली, "अवो. माका काय झाला, ता एकदा तुमच्या तोंडान सांगा."

तिने 'गाठ इरघळता मा' असं विचारलं नाही. सरळ विचारलं. आता दारच नव्हतं लावायला.

मी म्हणालो, "चाय घेऊन येतंय."

खाली गेलो. कँटीनमध्ये रांग नव्हती तरी अर्धा तास बसलो. चहा घेऊन आलो तर तिला ऑक्सिजन लावला होता, डोळे मिटलेले. त्यानंतर ती बोलली नाही. चहा मी प्यालो. वाया कशाला घालवायचा म्हणून प्यालो.

बाई म्हणाली, "काका, आत्ता त्यांनी परत तेच विचारलं, तर?"

मी खुर्चीवरून उठलो. का उठलो ते माहीत नाही. गाऱ्हाणं बसून घालत नाहीत म्हणून असेल. आणि मोठ्याने बोललो, कारण मला खरं तेवढ्याच आवाजात बोलता येतं. पॅकिंगच्या बायकांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

"शालन, तुका कॅन्सर झालो. माका पयल्या दिसापासून म्हायत होता. तू वाचाची नाय. माका सांगूक धीर झालो नाय."

आणि सवयीने थांबलो.

पंखा फिरत होता. कोणी काही म्हणालं नाही.